विल्यम व्हार्टन : चरित्र आणि चरित्रसाधनें

जुन्या कागदांचा संग्रह करणारांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. ज्या घराण्याचें दफ्तर राहिलें त्या घराण्याची बाजू राहिली. ज्याचें दफ्तर वाळवीनें, पाण्यानें किंवा वारसांच्या अनास्थेनें गेलें, त्याची बाजू प्रतिपक्षाच्या कागदांतून जेवढी डोकावेल तेवढीच उरते. पुढें इतिहासकार येतो, उपलब्ध दफ्तर प्रामाणिकपणें वाचतो आणि प्रामाणिकपणेंच एकतर्फी निकाल देतो. या प्रकाराचें एक परदेशीय उदाहरण आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

उदाहरण टेक्सस प्रांताच्या स्वातंत्र्ययुद्धांतील आहे. हा प्रांत मेक्सिकोच्या उत्तर सरहद्दीवरचा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं १८३६ सालीं तेथें स्वतंत्र प्रजासत्ताक स्थापन केलें. या चळवळींतील एक पुढारी आणि नव्या राज्याचा वॉशिंग्टन येथील पहिला वकील विल्यम हॅरिस व्हार्टन हा आमच्या परीक्षणाचा विषय होय. त्याच्याविषयीं बोलणारीं मुख्य छापील साधनें दोन. पहिलें, यूजीन बार्कर यांनीं १९२४ ते १९२८ या काळांत प्रसिद्ध केलेलें स्टीफन ऑस्टिन याचें दफ्तर, आणि त्याच्या आधारें त्यांनींच १९२५ सालीं लिहिलेलें ऑस्टिनचें चरित्र. दुसरें, जॉर्ज गॅरिसन यांनीं संपादिलेला टेक्ससच्या प्रजासत्ताकाचा परराष्ट्रीय पत्रव्यवहार. त्याचा पहिला भाग १९०८ सालीं निघाला व उरलेले दोन संपादकाच्या मृत्यूनंतर १९११ सालीं निघाले. हीं दोन साधनें एकाच माणसाविषयीं बोलतात, पण त्यांतून उभ्या राहणाऱ्या मूर्ति भिन्न आहेत. कोणती खरी, किंवा दोन्ही कितपत खऱ्या, हें तपासणें हें या लेखाचें प्रयोजन.

(१) चरित्राचा सांगाडा

विवादास्पद नसलेला तपशील प्रथम थोडक्यांत देतों. व्हार्टनचा जन्म १८०२ सालीं व्हर्जिनियांत झाला. आईबाप लहानपणींच वारल्यामुळें त्याचा सांभाळ टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल येथें चुलता जेसी व्हार्टन यानें केला. हा चुलता संयुक्त संस्थानांच्या वरिष्ठ सभेचा कांहीं काळ सभासद होता, म्हणजे राजकारण घरांतच होतें. विल्यमनें कायद्याचा अभ्यास केला, टेक्ससांत गेला आणि १८२७ च्या डिसेंबरांत सारा ॲन ग्रोस हिच्याशीं विवाह केला. तिचा बाप जॅरेड ग्रोस हा ब्राझोस नदीकांठचा सर्वांत धनाढ्य मळेवाला. तो १८२२ सालीं सुमारें ९० गुलाम घेऊन या प्रांतांत उतरला होता. ब्राझोरिया भागांतील ईगल आयलंड नांवाचा मळा जांवयाकडे सासऱ्याकडूनच आला.

१८३२ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे येथें वसाहतवाल्यांची पहिली परिषद् भरली. तिच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकींत ऑस्टिननें व्हार्टनचा पराभव केला. पुढच्याच वर्षीं, १८३३ च्या एप्रिलांत, दुसरी परिषद् भरली व तिचा अध्यक्ष व्हार्टन झाला. अवघ्या सहा महिन्यांत झालेल्या या उलटापालटींत दोन पक्षांचा झगडा स्पष्ट दिसतो. ऑस्टिन हा वसाहतीचा मूळ संस्थापक. मेक्सिकोच्या सरकाराशीं गोडीनें वागून हळूहळू सवलती मिळवाव्या हें त्याचें धोरण. व्हार्टन हा उतावळ्या पक्षाचा अग्रणी. अर्ज, विनंत्या आणि प्रतीक्षा यांवर त्याचा विश्वास नव्हता. इतिहासकार या दोन पक्षांस शांततापक्ष व युद्धपक्ष अशीं नांवें देतात; परंतु हीं नांवें मागाहून दिलेलीं आहेत आणि त्या काळच्या माणसांच्या मनांतील सर्व छटा त्यांत मावत नाहींत.

पुढचा क्रम असा. १८३५ च्या नोव्हेंबरांत संयुक्त संस्थानांकडे पाठविण्याकरितां ऑस्टिन, ब्रँच आर्चर व व्हार्टन या तिघांची नेमणूक झाली. १८३६ च्या नोव्हेंबरांत व्हार्टन वॉशिंग्टन येथें वकील नेमला गेला. १८३७ च्या एप्रिलांत परततांना तो मेक्सिकोच्या आरमाराच्या हातीं सांपडला. सुटून आल्यावर टेक्ससच्या वरिष्ठ सभेंत त्यानें पुन्हा काम केलें. १४ मार्च १८३९ रोजीं, घोड्यावरून उतरतांना स्वतःचेंच पिस्तूल उडून, चाळिशीही न गांठतां तो वारला. आदल्याच डिसेंबरांत त्याचा बंधु जॉन वारला होता. आज टेक्ससांत व्हार्टन नांवाचा परगणा आहे तो या दोघां भावांच्या स्मरणार्थ.

(२) प्रतिपक्षाचें दफ्तर

ऑस्टिन अविवाहित वारला. त्याचे कागद बहिणीच्या घरीं राहिले आणि भाचा गाय ब्रायन यानें ते आयुष्यभर जिवापाड जपले. विसाव्या शतकाच्या आरंभीं ते टेक्सस विश्वविद्यालयाकडे आले व तेथें बार्कर यांच्या हातीं पडले. ऑस्टिननें लिहिलेलीं तशींच त्यास आलेलीं पत्रें, हिशेब, अर्ज, जाहीरनामे असा तो प्रचंड संग्रह आहे. बार्कर यांचे परिश्रम वादातीत आहेत. साधन आधीं छापून मग चरित्र लिहावें, म्हणजे वाचकास लेखकाचा निकाल ताडून पाहतां यावा, हा दंडक त्यांनीं बहुतांशीं पाळला, आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों.

तथापि व्हार्टनच्या संबंधांत या दफ्तराचा एक दोष आहे, व तो दोष संपादकाचा नसून दफ्तराच्या जातीचा आहे. १८३३ च्या परिषदेचा अर्ज घेऊन ऑस्टिन मेक्सिको शहरास गेला. तेथें दाद लागेना, तेव्हां २ ऑक्टोबर १८३३ रोजीं त्यानें सान आन्तोनियोच्या नगरसभेस एक पत्र लिहिलें. सरकारची वाट न पाहतां प्रांताची वेगळी व्यवस्था उभारण्याच्या तयारीस लागावें, असा त्याचा आशय होता. शांततापक्षाच्या पुढाऱ्याच्या लेखणींतून उतरलेलें हें सर्वांत अविचारी पत्र. तेंच पत्र फिरून सरकारच्या हातीं गेलें आणि ३ जानेवारी १८३४ रोजीं साल्तियो येथें ऑस्टिनला कैद झाली. मेक्सिको शहरांत जुन्या इन्क्विझिशनच्या तुरुंगांत त्याला ठेवलें. पहिले कांहीं महिने तर कोणाशीं भेटण्याबोलण्याचीही मुभा नव्हती. जामिनावर सुटण्यास १८३४ चा नाताळ उजाडला, आणि टेक्ससास परत येण्यास १८३५ चा ऑगस्ट संपला.

या बंदिवासांतून त्यानें मेहुणा जेम्स पेरी याला व इतरांना जीं पत्रें लिहिलीं, त्यांत व्हार्टन व त्याचे साथीदार यांजवर कडक आरोप आहेत. आपली सुटका लांबावी असे प्रयत्न टेक्ससांतील आपले शत्रु करीत आहेत, अशी त्याची समजूत झाली होती. त्याच्या पत्रांतील मजकूर टेक्ससांत प्रकट झाला तेव्हां व्हार्टननेंही १८३४ सालीं जाहीर पत्रक काढून तितक्याच कडक शब्दांत उत्तर दिलें. चरित्रकारापुढें हे कागद आल्यावर व्हार्टनची मूर्ति कशी घडली असेल हें सांगावयास नको. आततायी, मत्सरी, श्वशुराच्या संपत्तीवर पुढारीपण मिळविणारा, असा एक माणूस वाचकाच्या मनांत उभा राहतो.

आमचा आक्षेप येथें आहे. बंदिवासांतील पत्र हें अस्सल साधन खरें. पण तें लिहिणाराच्या मनःस्थितीचें अस्सल साधन आहे, हजार मैलांवरील घडामोडींचें नव्हे. कोठडींतील माणसाला बातमी तुटक मिळते, उशिरां मिळते आणि बहुधा भेटीस येणाराच्या पूर्वग्रहांतून गाळून मिळते. तेव्हां अशा पत्रावरून ऑस्टिनला काय वाटलें हें निश्चयानें सांगतां येईल. व्हार्टननें काय केलें हें सांगण्यास दुसरा पुरावा लागेल. शिवाय ज्या पत्रामुळें कैद झाली तें ऑस्टिनच्याच हातचें होतें, ही गोष्ट त्याच्या तक्रारींचा विचार करतांना दृष्टीआड करतां येत नाहीं.

याहून मोठा पुरावा पुढील दोन वर्षांच्या वर्तनाचा. ८ सप्टेंबर १८३५ रोजीं ब्राझोरिया येथें, म्हणजे व्हार्टनच्याच मुलखांत, ऑस्टिनचा सत्कार झाला व तेथें त्यानें सर्व प्रांताची सभा बोलावण्यास पाठिंबा दिला. पुढें दोघे एकाच वकिलातीवर निघाले आणि कित्येक महिने एकत्र वावरले. १८३६ च्या उन्हाळ्यांत ऑस्टिननें अध्यक्षपदासाठीं उभें राहावें म्हणून आग्रह करणारांत व्हार्टन व आर्चर हेच होते. त्या निवडणुकींत सॅम ह्यूस्टन याला ५,११९, हेन्री स्मिथ याला ७४३ आणि ऑस्टिनला अवघीं ५८७ मतें पडलीं, हा भाग निराळा. १८३४ चें वैर हें दोघांच्या संबंधाचें अंतिम रूप असतें तर १८३६ चें हें सख्य संभवलें नसतें. बार्कर यांनीं या समेटाची नोंद केली आहे. पण व्हार्टनच्या स्वभावाचें माप मात्र वैराच्या काळांतच घेतलें गेलें. ग्रेग कँट्रेल यांनीं १९९९ सालीं लिहिलेल्या ऑस्टिनच्या नव्या चरित्रांत नायकाच्या स्वभावांतील गुंतागुंत अधिक मोकळेपणानें दाखविली आहे. त्या मानानें प्रतिनायकाची बाजूही उजळण्यास वाव झाला आहे. परंतु मूळ दफ्तर तेंच असल्यामुळें दिव्याची जागा बदललेली नाहीं.

(३) वकिलातीचीं पत्रें

गॅरिसन यांचा पहिला भाग उघडला म्हणजे निराळाच व्हार्टन भेटतो. येथें तो कोणाच्या तक्रारीचा विषय नसून स्वतः लिहिणारा आहे. पेशव्यांच्या वकिलांचीं दरबारांतून आलेलीं पत्रें वाचण्याचा सराव असलेल्या आमच्या वाचकांस हा भाग विशेष रुचेल. दरबार वेगळा आणि भाषा वेगळी. पण धन्याकडून सूचना वेळेवर येत नाहींत, पैसा पुरत नाहीं, बातमी शिळी होते आणि तरीही रोज कोणाच्या तरी दारांत उभें राहावें लागतें, ही वकिलाची दशा तीच आहे.

पहिल्या वकिलातीचेंच पाहावें. तिघे वकील १८३६ च्या जानेवारींत न्यू ऑर्लिन्स येथें पोंचले व तेथें त्यांनीं दोन लाख डॉलरांचें कर्ज ठरविलें. त्यांतील थोडीच रक्कम रोख हातीं आली. ते निघाले तेव्हां टेक्ससच्या सभेनें केवळ मेक्सिकोच्या १८२४ च्या राज्यघटनेच्या रक्षणार्थ शस्त्र धरल्याचें जाहीर केलें होतें. स्वातंत्र्याची घोषणा केल्यावांचून परक्यांकडून खरें साहाय्य मिळणार नाहीं, असें व्हार्टनचें मत निघण्यापूर्वींच झालेलें होतें, आणि न्यू ऑर्लिन्स येथें लोकांचा कल पाहिल्यावर ऑस्टिनही त्याच मताचा झाला. २ मार्च रोजीं घोषणा झाली. पण तिचा अधिकृत खलिता वकिलांस नव्या सरकारकडून वेळेवर आला नाहीं. वर्तमानपत्रांत छापलेल्या बातमीवर कोणत्या दरबारानें मान्यता द्यावी? व्हार्टननें २६ एप्रिल रोजीं न्यू यॉर्क येथें मोठें व्याख्यान दिलें व तें त्याच वर्षीं छापून निघालें. त्या दिवशीं सान हासिन्तो येथें सांता आनाचा पराभव होऊन पांच दिवस झाले होते, पण ती वार्ता न्यू यॉर्कास पोंचलेली नव्हती. हें व्याख्यान हरणाऱ्या पक्षाचें व्याख्यान म्हणून वाचलें पाहिजे. पुढील विजय ठाऊक असलेला वाचक त्यांतील कळकळीस अतिशयोक्ति समजेल आणि चुकेल. कागदाच्या मितीस लिहिणाराला काय ठाऊक होतें हें आधीं ठरवावें, मग कागद वाचावा, या नियमाचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

दुसरी वकिलात हा व्हार्टनच्या आयुष्याचा गाभा. ह्यूस्टन अध्यक्ष झाला, ऑस्टिन परराष्ट्रमंत्री झाला आणि त्यानें १८ नोव्हेंबर १८३६ रोजीं व्हार्टनला सूचनापत्रें दिलीं. एक उघड आणि एक खासगी. मान्यता मिळवावी, नंतर संयुक्त संस्थानांत सामील होण्याचें बोलणें करावें. जमिनींचे हक्क, राज्याचें कर्ज व गुलामगिरी यांविषयींच्या अटी संभाळाव्या. आणि वॉशिंग्टनचा रंग प्रतिकूल दिसल्यास इंग्लंड, फ्रान्स आदि राष्ट्रांच्या वकिलांशीं संधान बांधावें, असा त्यांचा इत्यर्थ. सप्टेंबरच्या निवडणुकींत सामीलीकरणाच्या बाजूस ३,२७७ व विरुद्ध अवघीं ९१ मतें पडलीं होतीं, त्यामुळें वकिलाच्या पाठीशीं लोकमत होतें. पण समोरचा दरबार अवघड होता. २१ डिसेंबर रोजीं अध्यक्ष जॅक्सन यानें टेक्ससच्या मान्यतेसंबंधीं संदेश पाठविला व त्यांत थांबण्याचा सल्ला दिला. त्याचा स्वतःचा प्रतिनिधि हेन्री मॉर्फिट हा टेक्सस पाहून आला होता, आणि त्याच्या अहवालाचा आधार या सावधपणास होता. जॅक्सन आपला मित्र अशी खात्री बाळगून आलेल्या व्हार्टनला हा मोठा धक्का होता.

त्याच डिसेंबरांतील एका पत्रांत व्हार्टन दक्षिणेकडील वर्तमानपत्रांवर चिडला आहे. टेक्सस सामील करून उत्तरेचें वर्चस्व कायमचें मोडूं, नाहीं तर संघराज्यच मोडूं, अशा धमक्या तीं पत्रें छापीत होतीं. यामुळें उत्तरेकडील विरोधास धार चढेल व आपलें काम बिघडेल, असें तो कळवितो. हें पत्र वाचल्यावर व्हार्टनला निव्वळ आततायी म्हणणें कठीण जातें. आपल्याच पक्षाच्या उतावळेपणाचा तोटा कोठें आहे हें ओळखणारा माणूस येथें दिसतो. आणि तीन वर्षांपूर्वीं हाच उतावळा म्हणून गाजला होता.

१८३७ च्या जानेवारींत कैदी सांता आना स्वतः वॉशिंग्टन येथें जॅक्सनला भेटला. मेक्सिकोस पैसा देऊन त्याचा टेक्ससवरील हक्क विकत घ्यावा, असा विचार तेथें घोळत होता. व्हार्टनची हरकत तत्त्वाची होती. टेक्सस स्वतंत्र आहे, तर त्याची खरेदीविक्री तिसऱ्याच दोघांत होऊं शकत नाहीं; टेक्ससला विचारल्याखेरीज कोणताही तह नको. दुर्बळ राज्याच्या वकिलाजवळ दुसरें शस्त्र नसतें, आणि तें त्यानें नेटानें धरलें.

फेब्रुवारींतील एका पत्रांत सर्वांत कुतूहलजनक बातमी आहे. उत्तर व पूर्व भागांतील विरोध थंड करावयाचा तर टेक्ससनें पश्चिम समुद्रावरील कॅलिफोर्नियावरही हक्क सांगावा, असें जॅक्सननें आपणांस सुचविल्याचें व्हार्टन लिहितो. त्या किनाऱ्यावरील बंदरांचा लोभ उत्तरेच्या मच्छीमारी करणाऱ्या लोकांस पडेल, हा त्यांतील हिशेब. हें वाक्य अनेक ग्रंथांत जॅक्सनचें मत म्हणून उद्धृत होतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हें जॅक्सनचें पत्र नव्हे. जॅक्सन काय बोलला याविषयींचें व्हार्टनचें पत्र आहे. वकील आपल्या धन्यास बातमी देतो तेव्हां स्वतःच्या कामाची आशा टिकवून धरण्याची त्याला गरज असते. बातमी खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. किंबहुना जॅक्सनच्या स्वभावास ती विसंगत नाहीं. पण साक्षीदार एकच आहे व तो हितसंबंधी आहे, हें प्रत्येक उद्धरणाबरोबर नमूद झालें पाहिजे.

अखेर ३ मार्च १८३७ रोजीं, स्वतःच्या कारकीर्दीच्या शेवटच्या दिवशीं, जॅक्सननें आल्सी ला ब्रांश याची टेक्ससकडे वकील म्हणून नेमणूक केली. मान्यता मिळाली ती अशी. रात्रीं उशिरां व्हार्टन व त्याच्या साहाय्यास आलेला मेम्युकन हंट यांस बोलावून अध्यक्षानें ही वार्ता सांगितली व मद्याचा प्याला हातीं दिला. सामीलीकरण मात्र झालें नाहीं. त्यास १८४५ चा डिसेंबर उजाडावा लागला, आणि तेव्हां व्हार्टन हयात नव्हता.

(४) न बोललेली बाजू

येथवर व्हार्टनच्या बाजूनें आम्ही लिहिलें. आतां त्याच्या स्वतःच्या कागदांतही जें दडलें आहे तें सांगणें प्राप्त आहे. १८३६ सालीं नॅशव्हिल येथें ‘कर्शियस’ या टोपणनांवानें एक पुस्तिका निघाली. वसाहतींचा उगम, प्रगति, तत्कालीन स्थिति आणि मेक्सिकोशीं चाललेल्या युद्धाचीं कारणें असा तिचा विषय. ग्रंथसूचिकारांनीं ती व्हार्टनची ठरविली आहे. मेक्सिकोनें बोलावून घेतलें, उदार घटनेचें वचन दिलें, मग वचन मोडलें, असा तींतील युक्तिवाद. न्यू यॉर्कच्या व्याख्यानाचाही रोख वचनभंगाकडे व स्वातंत्र्याच्या हक्काकडेच आहे.

या युक्तिवादांत तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. मेक्सिकोचा अध्यक्ष गेरेरो यानें १८२९ सालीं गुलामगिरी रद्द केली होती. टेक्ससास त्यांतून सूट मिळाली, तरी धास्ती गेली नाहीं. ६ एप्रिल १८३० च्या कायद्यानें संयुक्त संस्थानांतून येणाऱ्या नव्या वसाहतवाल्यांस बंदी झाली. आणि स्वातंत्र्य मिळतांच टेक्ससनें जी घटना केली तींत विधिमंडळास गुलाम मुक्त करण्याचा अधिकार ठेवला नाहीं, व स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीयासही विधिमंडळाच्या संमतीवांचून तेथें राहण्याची मनाई केली. ईगल आयलंडचा कापूस ज्यांच्या हातांनीं वेंचला गेला त्यांच्यासाठीं हें स्वातंत्र्य नव्हतें. बार्कर यांनीं गुलामगिरीस क्रांतीच्या कारणांत फारसें महत्त्वाचें स्थान दिलें नाहीं. अँड्र्यू टॉर्गेट यांनीं २०१५ सालच्या आपल्या ग्रंथांत कापूस, गुलामगिरी व या सरहद्दीचें राजकारण हे तीन धागे एकत्र विणलेले दाखविले आहेत. आणि आमच्या मतें पुराव्याचा कल त्यांच्या बाजूस आहे.

येथें दोन प्रकारचे कागद शेजारीं ठेवून वाचल्यास प्रकाश पडतो. छापील पुस्तिका लोकांसाठीं लिहिलेली. तींत हक्कांची भाषा आहे. सूचनापत्रें व अहवाल धनी-वकिलांमधले. त्यांत गुलामगिरी ही वाटाघाटीची अट म्हणून उघड नांवानें येते. जाहीर कागद माणसानें स्वतःस कसें दाखवावयाचें ठरविलें तें सांगतो, आणि खासगी कागद त्याला काय सोडवत नव्हतें तें सांगतो. व्हार्टनचें चरित्र लिहिणारानें दोन्ही छापावे व कोणताही झांकूं नये. प्रतिपक्षाच्या दफ्तरामुळें ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याच घरीं असे लोक होते कीं ज्यांना दफ्तर ठेवण्याचीच मुभा नव्हती. पहिल्या अन्यायाची दाद मागतांना दुसऱ्याचा विसर पडूं देणें संशोधकास शोभत नाहीं.

(५) आख्यायिका आणि अस्सल

व्हार्टन परत येतांना ‘इंडिपेंडन्स’ या टेक्ससच्या लढाऊ जहाजावर होता. १७ एप्रिल १८३७ रोजीं ब्राझोसच्या मुखाजवळ मेक्सिकोच्या दोन जहाजांनीं तें पकडलें. आपल्या मळ्यापासून थोड्याच अंतरावर, किनाऱ्यावरील लोकांच्या डोळ्यांदेखत, तो कैद झाला व मातामोरोस येथें नेला गेला. भाऊ जॉन तहाचें निशाण व मेक्सिकन कैदी घेऊन अदलाबदल करावयास गेला, तर त्यालाही अटकावून ठेवलें. पुढें दोघेही निसटले. मल्डून नांवाच्या पाद्र्यानें धर्मोपदेशकाचा वेष चढवून विल्यमला बाहेर काढलें, अशी कथा लोकप्रिय आहे. कथा असंभाव्य नाहीं. पण पलायनाच्या गोष्टींस वेषांतराचा अलंकार किती लवकर चिकटतो हें बखरींच्या वाचकांस सांगावयास नको. समकालीन पत्र पुढें येईपर्यंत आम्ही ती आख्यायिका म्हणूनच लिहूं.

तीच गोष्ट ध्वजाची. एका ताऱ्याच्या निशाणाचा कायदा वरिष्ठ सभेंत २८ डिसेंबर १८३८ रोजीं व्हार्टननें मांडला व २५ जानेवारी १८३९ रोजीं तो मंजूर झाला. तेंच निशाण आजही त्या संस्थानाचें आहे. यावरून ध्वजाची आकृति व्हार्टनची असें म्हणणें बरोबर नाहीं. आकृतीचें श्रेय कोणाचें याविषयीं वाद आहे व चार्ल्स स्टुअर्ट याचें नांव त्यांत घेतलें जातें. ठराव मांडणारा आणि वस्तु निर्माण करणारा हे एकच असतात असें नाहीं.

(६) संग्राहकांस विनंती

व्हार्टनच्या कागदांचें ऑस्टिनच्या तोडीचें सलग छापील दफ्तर नाहीं. त्याचा एकुलता पुत्र सेनापति जॉन व्हार्टन हाही १८६५ सालीं आपल्याच पक्षाच्या एका अधिकाऱ्याच्या गोळीनें मारला गेला. घरांत गाय ब्रायनसारखा जपणारा कोणी उरला नाहीं. अशा ठिकाणीं सुटा कागद बाजारांत आला कीं त्याची किंमत वाढते, आणि किंमत वाढली कीं बनावट वाढते. टेक्ससच्या जुन्या छापील कागदांत हें प्रत्यक्ष घडलें आहे. टॉमस स्ट्रीटर या संग्राहकानें विसाव्या शतकाच्या मध्यावर टेक्ससविषयक मुद्रितांची जी मोठी सूचि केली, तिच्यामुळें कोणत्या कागदाच्या किती प्रती ज्ञात आहेत हें कळूं लागलें. नंतर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासारख्या अत्यंत दुर्मिळ कागदांच्या प्रती एकाएकीं अधिक दिसूं लागल्या. डब्ल्यू. टॉमस टेलर या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यानें १९९१ सालीं ‘टेक्सफेक’ नांवाचा ग्रंथ लिहून त्यांतील कित्येक नकली असल्याचें दाखविलें. मोठमोठ्या संस्था व जाणते संग्राहक फसले होते, आणि फसण्याचें कारण अज्ञान नव्हे. कागद हवाच या ओढीमुळें तो कोठून आला हें विचारणें राहून गेलें होतें.

आमच्याकडील परिस्थिति फार निराळी आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. म्हणून विनंती इतकीच. पत्र मिळालें तर त्याचा पुरता पाठ, मिति, मायना, शेवटचा शिक्का, पाठीवरील पोंचल्याची नोंद आणि तें कोणाच्या घरांतून कोणत्या मार्गानें आलें याचा तपशील एकत्र ठेवावा. आपल्या घराण्यास अनुकूल नसलेला कागदही त्याच बस्त्यांत राहूं द्यावा.

गॅरिसन यांच्या ग्रंथांतील एक गोष्ट सांगून हें परीक्षण संपवितों. १८३७ च्या जानेवारीच्या आरंभीं व्हार्टन वॉशिंग्टनहून परराष्ट्रमंत्री ऑस्टिनच्या नांवें अहवाल लिहीत होता. कोणास भेटलों, काय बोललों, पुढें काय करावें. तीन वर्षांपूर्वीं ज्यांनीं एकमेकांस जाहीरपणें दूषणें दिलीं त्यांतील एक आतां दुसऱ्याची आज्ञा मागत होता. ऑस्टिन २७ डिसेंबर रोजींच वारला होता, आणि ती वार्ता वॉशिंग्टनास पोंचावयाची होती. हीं पत्रें ज्याच्यासाठीं होतीं त्यानें तीं वाचलीं नाहींत. ऑस्टिनच्या हातीं तीं पडलीं असतीं तर व्हार्टनविषयींचा त्याचा शेवटचा अभिप्राय काय झाला असता, हें कोणतेंही दफ्तर सांगणार नाहीं. चरित्रकारानें तेवढी जागा मोकळी सोडावी.